पिल्लाजवळ बसलेली बाई

माझं शिक्षण झालं ते आक्कामुळे, माझ्या मोठ्या बहिणीमुळे. सोलापुरात नोकरी लागली तेव्हा तिनंच मांजराचं पिल्लू सोबतीला दिलं. आज ते पहिल्यांदा गल्लीत सोडलं, तर बोके गुरगुरत जमले. मी दारातूनच त्यांना हाकलत राहिलो. शेळ्या घेऊन चाललेली एक अनोळखी बाई थांबली आणि पिल्लाशेजारी धुळीत मांडी घालून बसली. बोके हळूहळू पांगले.

“नवं करडू कळपात सोडलं की आमी असंच बसतो. तुमी बी बसा की, सायेब.”

“ऑफिसची पँट आहे.”

“आन् माजं लुगडं काय फुकट आलंय व्हय?” ती हसली.

मी उभाच राहिलो.

संध्याकाळी पत्र लिहिलं: “आक्का, पहिलीत मी घाबरायचो म्हणून तू दिवसभर शाळेच्या पायरीवर बसायचीस. आज तुझ्या मांजरासाठी मला घटकाभर खाली बसवलं नाही.”