तिनाचा पाच

मी टॅबवर पत्त्यांचा एकटीचा डाव लावून बसले होते आणि चुकलेली चाल परत घेत होते. त्या खेळात एक पाऊल मागे जायचं बटण असतं, म्हणूनच मला तो आवडतो. तेवढ्यात नात आली, लॅपटॉप माझ्या मांडीवर ठेवला आणि हसत सुटली.

"आजी, लुक ॲट धिस गाय! ही वॉज टेरिबल! टीमच्या सगळ्या हिस्टरीत मोस्ट एरर्स ह्याचे!"

मी चष्मा लावला. पडद्यावर पिवळ्या ठळक अक्षरांत 'बटर फिंगर्स', म्हणजे ज्याच्या हातात चेंडू टिकत नाही तो, आणि खाली एक नाव. ते नाव मी इथे लिहीत नाही. माझ्या हातून त्याची एकदा पुरेशी वाट लागलेली आहे.

आधी टीमचं सांगते. अबुधाबीत आमच्या ह्यांच्या कंपनीतल्या मराठी मंडळींनी काढलेली ती बेसबॉलची टीम. हो, बेसबॉलच. क्रिकेटच्या टीम पैशाला पासरी होत्या. एक अमेरिकन मॅनेजर नोकरी सोडून घरी जाताना बॅटी, ग्लोव्ह आणि नियमांचं पुस्तक ऑफिसात टाकून गेला, तेवढ्या भांडवलावर आमचा खेळ उभा राहिला. शुक्रवारी दुपारी मुसफ्फातल्या वर्कशॉपांच्या मागे वाळूच्या मैदानावर मॅच. समोर कधी फिलिपिनो, कधी जपानी, कधी कोरियन. आता त्या टीमची जुनी माणसं आणि त्यांची पोरंबाळं दुबईत जमणार होती. नात स्वतः तिथे मुलींच्या टीमकडून बेसबॉल खेळते, म्हणून पुस्तिका काढायचं काम तिच्याकडे. कमी लेखले गेलेले, विसरले गेलेले खेळाडू शोधायचे, असा तिचा बेत. त्यासाठी तिने आमच्या शारजाच्या घरातल्या स्टोअररूममधून जुनी स्कोअरबुकं काढली आणि आकडा न् आकडा लॅपटॉपमध्ये भरला. विसरलेल्या प्रत्येकाला एक पान, आणि शेवटी गंमत म्हणून हे 'बटर फिंगर्स'. कार्यक्रमात ते भिंतीएवढं मोठं करून दाखवणार. गुरुवारी छपाई. त्या दिवशी रविवार होता.

"आणि आबा बघ," ती म्हणाली. "फर्स्ट बेस. ऑलमोस्ट झीरो एरर्स. आबा वॉज अ वॉल!"

समोर सोफ्यावर फोनमध्ये बातम्या बघत बसलेल्या भिंतीने मान न उचलता नुसतं "हं" केलं. पण पाय हलायला लागला. खूश झाले की ह्यांचा उजवा पाय हलतो.

"स्कोअर कोण लिहायचं, आजी? सो नीट!"

"होती एक बावळट," मी म्हटलं.

ती बावळट तेव्हा पंचविशीची. संख्याशास्त्रात बी.एस्सी., त्यामुळे जगातला कुठलाही आकडा आपल्याला विचारूनच पुढे जातो अशी तिची समजूत. वाळूत उंच टाचांचे सँडल घालून यायची आणि दर शुक्रवारी एक तरी टाच वाळूत रुतवायची. गाडीच्या सावलीत घडीची खुर्ची टाकून, मोठ्या काचांचा गॉगल लावून, गुडघ्यावर स्कोअरबुक घेऊन अशी बसायची की जणू न्यायाधीशच. एकदा एका फिलिपिनो कोचने "व्हेरी गुड स्कोअरर, मॅम" म्हटलं, तर ते तिने वर्षभर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगितलं.

पण खोटं कशाला बोलू, त्या खेळात ती खरंच न्यायाधीश होती. बेसबॉलमध्ये चूक नुसती होऊन जात नाही, ती कुणाच्या तरी माथी लिहावी लागते. तिसऱ्या बेसवरच्याने चेंडू अडवला, मैदान ओलांडून पहिल्या बेसकडे फेकला आणि पहिल्या बेसवाल्याच्या हातून तो निसटला, तर दोष कुणाचा? फेकणाऱ्याचा की धरणाऱ्याचा? ते अंपायर ठरवत नाही, कॅप्टन ठरवत नाही. स्कोअरर ठरवतो. आणि चौकटीत नाव लिहायचं नसतं, जागेचा आकडा लिहायचा असतो. पहिला बेस म्हणजे 3, तिसरा बेस म्हणजे 5.

पहिल्या बेसवर आमचे हे. तिसऱ्यावर तो.

तो आमच्या कंपनीतला नव्हता. आम्हाला माल पुरवणाऱ्या एका फॅब्रिकेशन यार्डात वेल्डर होता. जळगावकडचा. शाळेत सॉफ्टबॉल खेळलेला, त्यामुळे ग्लोव्ह हातात कसा घालायचा हे आमच्या इंजिनिअरांना त्यानेच शिकवलं. आमचे बेस म्हणजे तांदळाची पोती होती. त्याने यार्डातल्या जुन्या कन्व्हेअर पट्ट्याचे कापून चौकोन आणले. कॅप्टन म्हणजे ह्यांचेच वरिष्ठ. त्यांनी त्याला शब्द दिला होता, "सीझन संपला की तुला स्टोअरमध्ये घेतो. खलास, वेल्डिंग बंद." पुढच्या वर्षीपासून टीममध्ये फक्त कंपनीचीच माणसं चालणार होती, म्हणून चांगल्या खेळणाऱ्याला कंपनीतच ओढायचं, असा हिशेब. त्याचे डोळे वेल्डिंगने सतत लाल असायचे. स्टोअरमध्ये एसी होता. कंपनीच्या क्वार्टरमध्ये एका खोलीत सोळाऐवजी चौघं. तो ह्याबद्दल बोलायचा नाही, फक्त शुक्रवारी सगळ्यांच्या आधी येऊन बेस मांडून ठेवायचा.

त्याचा थ्रो म्हणजे सरळ रेघ. आणि आमचे हे तो सोडायचे. ग्लोव्हला लागून चेंडू मागे गाड्यांच्या चाकांत. पहिल्यांदा मी लिहिला तो प्रामाणिकपणे: एरर, 3.

घरी आल्यावर ह्यांनी पुस्तक उघडलं. बघितलं. मिटलं. एक अक्षर नाही. मग जेवणावर "भूक नाही", चहावर "नको". चार दिवस अबोला. परक्या मुलखात, दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये, जिथे मराठी बोलायला तेवढं एकच माणूस, तिथे अबोला म्हणजे काय असतं ते मला विचारा. पाचव्या दिवशी त्या बावळटीला दुधाच्या पिशवीशी गप्पा मारताना मी स्वतः पकडलं.

माझी पद्धत अशी होती की मैदानावर पेन्सिलीने लिहायचं आणि घरी रात्रीचं जेवण उरकलं की पेनने गिरवायचं. पुढच्या शुक्रवारी चेंडू पुन्हा सुटला. मी पेन्सिलीने 3 लिहिलं. घरी ह्यांनी हात धुता धुता विचारलं, "आजचं लिहून झालं का गं?" आवाज इतका साधा, की त्यातली भीती मलाच ऐकू आली.

तिनाचा पाच करायला काय लागतं? खालचं पोट तेच. वरचं डोकं तेवढं फिरवायचं.

ह्यांनी पान बघितलं आणि म्हणाले, "बटाट्याची भाजी छान झालीय."

मग ते सोपं होत गेलं. इतकं, की सीझनच्या शेवटी शेवटी त्या हुशार बाईने पेन्सिलीनेही सरळ पाचच लिहायला सुरुवात केली. वेळ वाचतो म्हणे! आणि हे मैदानावर ओरडायला लागले, "अरे, छातीवर टाक ना, छातीवर!" तो तिकडून हात वर करायचा. "हो साहेब, चुकलं."

एकदा पाणी प्यायला तो गाडीपाशी आला. मी चहाचा थर्मास उघडत होते. पुस्तक खुर्चीवर उघडं होतं. त्याने ग्लास हातात धरून मागचं पान उलटलं, मग त्याच्या मागचं. त्याला ते आकडे वाचता येत होते हे बावळटीच्या ध्यानातच नव्हतं.

"वहिनी," तो म्हणाला, "उन्हात डोळे दिपतात, नाही?"

पान मी घरी ट्यूबलाइटखाली लिहिलेलं.

"चहा घेणार का?" मी विचारलं.

"नको, वहिनी." ग्लास विसळून उपडा ठेवला आणि तो परत तिसऱ्या बेसवर गेला.

फायनलच्या आधी कॅप्टननी माझ्याकडून पुस्तक मागून नेलं. सगळ्यांचे एरर मोजले. त्याला वगळलं. "हात खराब आहेत त्याचे, कागदच सांगतोय," ते म्हणाले. आणि ज्याला खेळवायचं नाही त्याला स्टोअरमध्ये घ्यायचं कशाला? तिथे कोल्हापूरचा एक पिचर लागला. आम्ही फायनल हरलो, ते सोडा. त्यानंतरच्या शुक्रवारी बेस मांडायला कुणी नव्हतं. यार्डात त्याला शुक्रवारचा ओव्हरटाइम लागला होता, असं कळलं. वर्षभराने विचारलं तर तो गावी गेला होता. आणखी विचारायला हवं होतं. बावळट विचारत नाही. बावळट नवे सँडल घेते.

आता ते 'बटर फिंगर्स' माझ्या मांडीवर उघडं होतं.

"हे पान काढ," मी म्हटलं.

"व्हाय? इट्स फनी!"

"ते पुस्तक आण. आणि तुझ्या फोनचा उजेड लाव. पानाच्या मागून."

तिने पान उजेडावर धरलं. रबराने खोडलेली पेन्सिल वरून दिसत नव्हती, पण कागदावर दाब राहतो. पाचाच्या शाईखाली तिनाचं गोल डोकं उमटलेलं होतं. तिने दुसरं पान धरलं. तिसरं. तिचं हसू विरत गेलं.

"आजी. यू चेंज्ड इट?"

"हो."

"व्हाय वुड यू डू दॅट?"

मी सोफ्याकडे बघितलं. पाय हलायचा थांबला होता.

"म्हणजे?" हे म्हणाले. "ते थ्रो मी सोडले?"

"हो."

"सगळे?"

"सगळे नाही हो. काही खरोखर त्याचेही असतील. पण शेवटी शेवटी मी पेन्सिलीनेच पाच लिहिले. त्यातले त्याचे कुठले आणि तुमचे कुठले, ते आता ह्या उजेडातही दिसणार नाही."

हे उठले आणि आत गेले. दार आपटलं नाही, हळूच लावलं. ते जास्त वाईट.

नातीने लॅपटॉप मिटला. "आजी, ही लॉस्ट द जॉब बिकॉज ऑफ धिस?"

एररमुळे एका तिसऱ्या बेसवाल्याची स्टोअरमधली नोकरी हुकली, हे मी तिला पूर्वीच सांगून बसले होते, नाव न घेता, गोष्ट म्हणून, मजेत. मी मान हलवली. तशा चेहऱ्याने तिने माझ्याकडे कधी बघितलं नव्हतं. आजीच्या लबाड्या तिला आवडतात. पत्त्यांत फसवलं तर टाळी देते. ह्याला टाळी नव्हती.

दुसऱ्या दिवशी तिने पुण्याला जुन्या कॅप्टनना फोन लावला, स्पीकरवर. त्याचा पत्ता, फोटो, काही आहे का?

"कोण? तो वेल्डर?" ते ऐंशीचे असतील, आवाज मात्र अजून वरिष्ठच. "त्याला कशाला घेतेस, बाळा? त्याचे हात खराब होते."

म्हणजे बघा. माणूस विसरला, चेहरा विसरला. माझा आकडा तेवढा राहिला.

फोटो मिळाला नाही. पत्ता नाही. फायनलच्या फोटोत तो नाहीच. जळगावकडच्या दोनतीन जणांना विचारलं. त्या आडनावाची तिकडे गावंच्या गावं आहेत म्हणे.

घरात अबोला. सोमवार, मंगळवार. म्हातारपणीचा अबोला विचित्र असतो. बीपीची गोळी घेतली का, हे विचारायला नातीला मध्ये घालावं लागतं. "आबांना विचार." "आजीला सांग, घेतली." मुलगा दुबईहून शारजाच्या ट्रॅफिकमध्ये दोन तास काढून यायचा आणि दारातच विचारायचा, "यल्ला, चला, आज तरी बोलतायत का दोघं?" मी भाजीला मीठ घालायला विसरले, मुद्दाम. त्यांनी तशीच खाल्ली. ह्या वेळी पुस्तक माझ्यापासून दूर, नातीच्या टेबलावर होतं, हे एक बरं.

बुधवारी संध्याकाळी नात टेबलाशी बसली होती. पान रिकामं, वर फक्त त्याचं नाव. हे खोलीतून आले, तिच्या शेजारी खुर्ची ओढली. माझ्याकडे बघितलं नाही.

"लिही," ते म्हणाले. "त्याचा थ्रो छातीवर यायचा. दर वेळी. इथे." त्यांनी छातीच्या मधोमध बोटं टेकवली. "हातात आला की तळवा घरी जाईपर्यंत झणझणायचा."

ती लिहीत गेली.

"मग सुटायचा कसा, आबा?"

ह्यांनी छातीवरची बोटं खाली घेतली. खाली रस्त्यावर गाड्यांचे हॉर्न चालू होते.

"मी डोळे मिटायचो," हे म्हणाले. "इतका जोरात यायचा. भीती वाटायची मला."

तेव्हा मला कळलं की दर शुक्रवारी रात्री पान उघडताना ह्या माणसाला ठाऊक असायचं आपण काय वाचतोय. आणि मला वाटत होतं, मी ह्यांना फसवते! मी पुढे होऊन त्यांच्यासमोर पाण्याचा ग्लास ठेवला. त्यांनी तो घेतला. 

ह्यांनी सांगितलं तसं नातीने मराठीतच टाइप केलं, एका बोटाने अक्षरं शोधत शोधत. मग माझ्याकडे वळली. "आजी, त्याच्या एरर्सचा कॉलम आहे. व्हॉट डू आय पुट?"

"रिकामा ठेव. खाली लिही, नोंद विश्वासार्ह नाही."

"बट पीपल विल आस्क. एरर कुणाचा मग? तीन लिहू?"

ह्यांनी मान खाली घातली. पडद्यावर त्यांच्या नावापुढच्या, इतकी वर्षं जवळजवळ कोऱ्या राहिलेल्या रकान्याकडे मी बघितलं.

"त्यांचे जेवढे उजेडात दिसतात तेवढे त्यांच्या नावावर लिही," मी म्हटलं. "बाकीच्यांपुढे स्कोअरर लिही."

"स्कोअररला नंबर कुठला?"

पिचरपासून राइट फील्डपर्यंत एक ते नऊ आकडे असतात. स्कोअररला आकडा नसतो. त्याची चूक लिहायची चौकटच त्या पुस्तकात नाही.

"नंबर नसतो," मी म्हटलं. "नाव घाल. पूर्ण घाल, माहेरच्या आडनावासकट. आणि स्पेलिंग नीट तपास, ती बाई फार खडूस होती."

ती हसली नाही. नाव टाइप केलं, मला वाचायला दिलं आणि फाइल पाठवून दिली.

पुस्तिका छापून आल्या. एक जास्तीची मागून घेतली आहे. खाकी पाकिटात घातली, पाकीट चिकटवलं, वर त्याचं नाव लिहिलं, पेनने. पत्त्याच्या जागी फक्त जिल्हा आहे. रोज सकाळी ते टेबलावर दिसतं, आणि हे वर्तमानपत्र ठेवायला म्हणूनसुद्धा ते हलवत नाहीत.