शैलजाबाईंनी केलेली माझी दुरुस्ती

शैलजाबाईंची आणि माझी पहिली भेट बिबवेवाडीतल्या त्यांच्या वाचा-उपचार केंद्रात झाली. केंद्र म्हणजे भांड्यांच्या दुकानावरच्या दोन खोल्या. मी नोकरी मागायला गेले होते, प्रमाणपत्रांची जाडजूड फाईल घेऊन. बाईंनी ती उघडलीच नाही. "मुलाला शब्द सापडेपर्यंत तुम्हाला गप्प बसता येतं का?" एवढंच विचारलं. मी "हो" म्हणाले. धडधडीत खोटं होतं ते. मी शनिवार पेठेत वाढलेली. गप्प बसायला आमच्याकडे कोणी शिकवत नाही.

बाई उच्चार शिकवतातच, पण त्यांचा खरा भर भाषेवर असतो. मागणं, नाकारणं, तक्रार करणं हे सगळं त्या शिकवतात. एखादं मूल पहिल्यांदा थाप मारतं तेव्हा तर त्यांना कोण आनंद होतो! घरच्या भाषेबद्दल मात्र त्या हट्टी आहेत. हिंजवडीत नोकरी करणारं, मूळचं वर्ध्याकडचं एक जोडपं लेकीला घेऊन आलं होतं. तिच्याशी फक्त इंग्रजीच बोलायचं, असा त्यांचा निश्चय. बाईंनी विचारलं, "अहो, तुम्ही दोघं भांडता कोणत्या भाषेत?" "मराठीत." "मग तिच्याशीही तीच बोला. निदान मनापासून बोलाल."

मला हे सगळं ऐकून पाठ होतं, तरी मी माती खाल्लीच.

हिंजवडीच्या पलीकडच्या एका गावातून पाच वर्षांची गौरी यायची. ऐकू नीट यायचं, समजायचं सगळं, पण बोलणं एकेका शब्दापुढे जात नव्हतं. तिची आई दोन बस बदलून तिला आणायची. बाई रोज स्वतःच्या डब्यातली एक पोळी त्या माउलीला द्यायच्या, आणि "मला जास्त होते" असं सांगायच्या.

सात महिन्यांनी, खेळातली कपबशी माझ्यापुढे धरून गौरी म्हणाली, "च्या गरम हाय." तिचं आयुष्यातलं पहिलं वाक्य! आणि मी काय म्हणावं? "च्या नाही, चहा. हाय नाही, आहे. म्हण बरं, चहा गरम आहे."

गौरीने कपबशी खाली ठेवली आणि तोंड मिटलं. तीन आठवड्यांनी तिची आई रडत म्हणाली, "म्याडम, आधी येक-दोन शबूद तरी बोलत व्हती. आता घरी बी बोलंना. माजी पोर अशीच ऱ्हानार का?"  मला इतकी लाज वाटली की नोकरी सोडावी असं मनात आलं.

बाईंना सगळं सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "त्या पोरीने आईची भाषा बिनचूक बोलून दाखवली. चूक तुमची झाली. आता शिका." मग गौरीच्या आईला आत बोलावलं. "अहो, आमच्या या बाईंना तुमच्यासारखं बोलता येत नाही. जरा शिकवता का?"

महिनाभर मी छोट्या खुर्चीवर बसून तिच्या आईकडून धडे घेतले. ती आधी लाजली, मग हसून हसून दुरुस्त्या करू लागली. गौरी कोपऱ्यातून बघायची. बोलायची मात्र नाही. आपण एका मुलीची वाचा घालवली, हे ओझं मी रोज घरी नेत होते.

एके दिवशी मी सवयीने बोलून गेले, "च्या गरम आहे."

"न्हाय!" गौरी कोपऱ्यातून ओरडली. "च्या गरम हाय म्हन!"

तिच्या आईने तोंडाला पदर लावला. मला तर रडू आवरेना. बाई टेबलापाशी काहीतरी लिहीत होत्या, मान वर न करता मला म्हणाल्या, "ऐकलंत ना? पुन्हा म्हणा."

मी पुन्हा म्हणाले.

गौरी आता सातवीत आहे. वर्गात 'आहे' म्हणते, घरी 'हाय' म्हणते, आणि दोन्हीकडे भरपूर बोलते. बाई पंचाहत्तरीतही सकाळी नऊला केंद्रात हजर असतात. त्यांच्या गौरव अंकासाठीच्या या लेखाचा शेवट मला सुचेना, म्हणून मी गौरीला फोन केला. शैलजाबाईंसाठी तिने सांगितलं ते असं: "बाई, तुमी लय वर्सं जगा, अन् ठनठनीत ऱ्हावा."

संपादकांना विनंती, या वाक्यात एका अक्षराचीही दुरुस्ती करू नये.