पोटातली गाठ आणि बिशपसाहेबांची यादी

आमच्या यांच्या पोटात गाठ झाली ती एका गुरुवारी संध्याकाळी साडेसहा वाजता, चर्चच्या दारात, आणि ती मी केली. त्याआधी त्यांचं पोट उत्तम होतं. त्यानंतरही उत्तमच होतं! पण ते ऐकायला कोणी तयार नव्हतं.

हे मेथडिस्ट पाळक आहेत. आमच्यात पाळकाने कुठल्या मंडळीत, म्हणजे कुठल्या गावच्या चर्चमध्ये, सेवा करायची ते बिशप ठरवतात. वर्षातून एकदा परिषद भरते, शेवटच्या दिवशी बिशपसाहेब नेमणुकांची यादी वाचतात, आणि आपल्या नवऱ्याचं नाव कुठल्या गावासमोर येतं ते ऐकून पाळकांच्या बायका मनातल्या मनात भांडी बांधायला घेतात. मी अशी सात वेळा बांधली आहेत. (तिसऱ्या वेळी कुकरची शिट्टी हरवली, ती अजून सापडलेली नाही.) कल्याणचं हे आठवं घर. चर्चच्या मागे दोनच खोल्या, पण स्वयंपाकघराला पूर्वेची खिडकी! सकाळी ओट्यावर ऊन येतं. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, ओट्यावर ऊन मला पहिल्यांदाच मिळालं.

आणि नेमकं इथेच यांनी ठरवलं की आपल्याला आता मंडळी नको.

म्हणजे देव हवा, मंडळी नको. पाळकाला चर्चबाहेरची नेमणूकही मागता येते, वसतिगृहात, तुरुंगात, इस्पितळात. त्यासाठी बिशपांकडे अर्ज करावा लागतो. यांना ठाण्याला, वर्तकनगरच्या बाजूच्या एका धर्मादाय इस्पितळात जायचं होतं, रोग्यांपाशी बसायला. कारण सासूबाई. त्या ठाण्यालाच इस्पितळात वारल्या, एका रविवारी सकाळी. हे त्या वेळी कल्याणला प्रभुभोजन देत होते. फोन आला तसे अंगावरचा झगाही न काढता निघाले, तरी उशीर झाला. नर्स म्हणाली, "हात धरायला कोणीतरी हवं, असं सारखं म्हणत होत्या." ते वाक्य यांच्या घशात अडकलं ते अडकलंच. रविवारचा उपदेश आखडत आखडत दहा मिनिटांवर आला. (मंडळीला वाटलं, साहेब आता मुद्द्याचं बोलायला लागले!)

"शालिनी, इथे मला घरोघर चहा मिळतो," एका सकाळी म्हणाले. "तिथे एकेक माणूस भिंतीकडे बघत पडलेला असतो. मला तिथे जाऊ दे गं."

"मग करा की अर्ज," मी म्हटलं आणि खिडकीकडे बघितलं. इस्पितळाच्या नेमणुकीबरोबर घर मिळणार नव्हतं.

अर्ज गेला. बिशपांच्या हाताखाली आमच्या भागातली चर्च बघणाऱ्या अधीक्षकांनी बजावलं, "यादी वाचून होईपर्यंत कुठेही बोलायचं नाही. मंडळीला कळलं तर उद्यापासून नवा पाळक मागायला लागतील." तोवर हे दर गुरुवारी स्कूटरने त्या इस्पितळात जाऊन बसायला लागले. येताना शीळफाट्याला अडकायचे आणि साडेसहाच्या प्रार्थनासभेला सातला उगवायचे, डोळे लाल, चेहरा उतरलेला. कुणी तरी विचारणार हे उघडच होतं. विचारलं ते महिला मंडळाच्या अध्यक्षा सरलाताईंनी, चर्चच्या दारात, माझा रस्ता अडवून.

"वहिनी, पाळकसाहेब कुठेयत? गेल्या गुरुवारी पण लेट आलेले."

"ते ना... तपासणीला गेलेत."

"अगं बाई! कसली तपासणी?"

(दात म्हणायचं होतं! तोंडात बत्तीस दात असताना!)

"पोटाची," मी म्हटलं.

"काय निघालं पोटात?"

"तेच बघतायत."

या "तेच बघतायत"ने घात केला. त्या दिवशीच्या प्रार्थनेत पोट आलं. शुक्रवारी महिला मंडळाच्या ग्रुपवर पोटात गाठ आली. शनिवारी ती लिंबाएवढी होती आणि रविवारी सकाळपर्यंत मोसंबीएवढी झाली. उपासनेला आलेली माणसं यांच्या पोटाकडे इतकी टक लावून बघत होती, की यांनी दोनदा शर्टाची बटणं चाचपली.

सोमवारपासून डबे सुरू झाले. मऊ भात, बिनफोडणीचं वरण, उकडलेला दुधी. डोंबिवलीहून एक बाई रिक्षा करून दुधी घेऊन आल्या! यांना सुकटीच्या चटणीशिवाय घास उतरत नाही. चौथ्या दिवशी ताट बघून यांनी चमचा खाली ठेवला.

"शालिनी, मला काय झालंय?"

"पोटात गाठ."

"कधीपासून?"

"गेल्या गुरुवारपासून."

मग मी सगळं सांगितलं. मला वाटलं, चिडतील. पण हे आधी हसले, ठसका लागेपर्यंत हसले. मग म्हणाले, "रविवारी सांगून टाकतो."

"आणि दर गुरुवारी कुठे जाता, असं विचारलं तर? अर्ज उघडा पडेल. शिवाय पाळकाची बायको चर्चच्या दारात उभी राहून खोटं बोलली, हेही सांगणार का?"

यांनी दुधीचं ताट परत पुढे ओढलं. माझी अब्रू राखायला हा माणूस पुढे सहा आठवडे दुधी खात राहिला.

मंडळीचे सेक्रेटरी भालेरावकाका म्हणजे देवमाणूस. त्यांना काही राहवेना. एका गुरुवारी ते कुणाला न सांगता यांच्या मागोमाग ठाण्याला गेले. पुरुषांच्या वॉर्डात हे एका खाटेच्या कडेला मान खाली घालून बसलेले. खाटेवर खडवलीचे एक आजोबा होते, त्यांना भेटायला कोणी म्हणजे कोणी येत नसे, आणि हे त्यांचा हात धरून बसले होते. पण काकांना दारातून यांची पाठ दिसली, खाट दिसली आणि सलाइनची बाटली दिसली. काका आत न जाता रडत घरी आले.

दोन दिवसांनी सकाळी ते माझ्याकडे आले, हातात कागद. सगळ्या मंडळीच्या सह्या.

"वहिनी, बिशपसाहेबांना नेऊन देतोय. तुम्ही एकदा वाचा."

मी वाचलं. 'आमचे पाळकसाहेब फार आजारी आहेत. त्यांना कल्याणहून हलवू नये. त्यांचं सगळं आम्ही बघू.' तेव्हा मी तोंड उघडायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं. पण ओट्यावर छान ऊन आलं होतं. मी म्हटलं, "काका, चहा टाकू?"

परिषदेच्या शेवटच्या दिवशी बिशपसाहेबांनी यादी वाचली. कल्याणसमोर यांचंच नाव आलं. इस्पितळासमोर दुसऱ्याच कुणाचं तरी. नंतर बिशपसाहेब मुद्दाम आमच्याजवळ आले आणि यांचे दोन्ही हात हातात घेतले.

"तुमचा अर्ज माझ्यापुढे होता. पण आजारी माणसाला आजाऱ्यांच्यात कसा पाठवू? आधी तुम्ही बरे व्हा."

यांनी माझ्याकडे बघितलं. मी माझ्या चपलांकडे बघितलं. (नव्या होत्या, बघण्यासारख्या होत्या.)

"आभारी आहे, साहेब," हे म्हणाले.

घरी आलो तर भालेरावकाकांनी स्कूटरची किल्लीच काढून घेतली. "आता दगदग बंद. बास म्हणजे बास!" दोन गुरुवार हे घरात बसून राहिले. दारात पाळीने कोणी ना कोणी पहाऱ्याला. तिसऱ्या गुरुवारी कसेबसे निसटले आणि बसने ठाण्याला गेले. खडवलीचे आजोबा नव्हते. सिस्टर म्हणाली, "सोमवारी गेले. दोन्ही गुरुवारी विचारत होते, पाद्रीबाबा आले का."

हे परत आले आणि बूट न काढता पायरीवर बसले. सिस्टरचं वाक्य तेवढं मला सांगितलं. माझ्यावर ओरडले असते, तर मला बरं वाटलं असतं. मी आत ओट्यापाशी उभी राहून तोंडात पदर कोंबून रडले. त्या आजोबांना मी कधी बघितलंसुद्धा नव्हतं, आणि त्यांचा हात मी सोडवला होता.

त्या रविवारी उपासनेत साक्ष द्यायची, म्हणजे उठून आपला अनुभव सांगायची, वेळ आली तशी मी उठले. 

"पाळकसाहेबांना काहीही झालेलं नाही. गाठ नाही. कधी नव्हतीच. मी खोटं बोलले."

 मागून एक 'हालेलूया' निघाला, तो सरलाताईंनी नुसत्या नजरेने खाली बसवला. मग त्या उठून आल्या आणि त्यांनी मला छातीशी धरलं.

"होतं असं, वहिनी. माझ्या जाऊबाईंनी पण दिरांचं दुखणं शेवटपर्यंत मानलं नव्हतं."

"अहो, मी खरंच सांगतेय!"

"मग रिपोर्ट दाखवा ना," कुणीतरी हळूच म्हणालं. आता न झालेल्या गाठीचा रिपोर्ट कुठून आणू?

हे उभे राहिले. "शालिनी खरं बोलतेय. मी ठणठणीत आहे."

"बघा," भालेरावकाका डोळे पुसत म्हणाले, "बायकोसाठी किती धीर धरतायत!"

मी हार मानली नाही. बिशपसाहेबांना चार पानी पत्र लिहिलं, सगळं, अगदी चहा टाकू विचारल्यापर्यंत. उत्तर आलं ते यांच्या नावाने. यांनी मोठ्याने वाचलं. 'भगिनींचं पत्र वाचून मन भरून आलं. अशा वेळी घरच्या माणसाला सत्य पचवणं फार जड जातं. त्यांना जपा. पुढची काही वर्षं तुम्हाला कल्याणहून हलवणार नाही.' यांनी पत्राची घडी केली, खिशात ठेवली आणि जेवायला बसले.

प्रार्थनासभेत हल्ली यांचं नाव दुसरं येतं. पहिलं माझं. "हे प्रभू, आमच्या पाळकीण वहिनींना सत्याला सामोरं जायची शक्ती दे," असं सरलाताई डोळे मिटून मागतात, आणि सगळ्यांत मोठ्याने 'आमेन' मी म्हणते.