टाचेवरची नजर

केसरबाई आयुष्यात एकदाही खो-खो खेळल्या नाहीत, आणि तरीही आमच्या कंपनीच्या मुलींना खेळायला शिकवलं ते त्यांनीच. हे मी कुणालाही ठणकावून सांगते. ज्यांना पटत नाही त्यांनी पटवून घेऊ नये, माझं काही अडलेलं नाही.

बासष्ट साली त्या नवऱ्यामागे बार्शीकडून पिंपरीला आल्या. नवरा भीमराज बॉयलरवर लागला, आणि दोन वर्षांनी बाई इंजेक्शनच्या बाटल्या तपासायच्या खात्यात. काम ऐकायला सोपं. समोर अर्धा काळा, अर्धा पांढरा फळा, वर ट्यूबलाइट. बाटली उचलायची, मनगटाने गरकन फिरवायची आणि झटकन थांबवायची. काच थांबते, आतलं औषध फिरत राहतं, आणि कण असेल तर तोही फिरतो. तो दिसला की बाटली बाद. नाही दिसला तर ‘पास’ म्हणायचं आणि पुढची घ्यायची. नव्या मुली हवेचा बुडबुडा बघून चांगली बाटली बाद करायच्या. केसरबाईंच्या हातून तसं कधी झालं नाही. साहेबलोक भिंग लावून बघायचे आणि शेवटी बाईंनाच विचारायचे.

मी प्रभावती, त्याच खात्यातली आणि संघाची कप्तान. पळण्यात कुणाला हार जाणारी नव्हते, पण समोरचीनं हूल दिली की हमखास फसायचे. खो-खोत पाठलाग करणारीनं एकदा दिशा धरली की तिला मागे फिरता येत नाही. समोरची खांदा एकीकडे टाकायची, मी तिकडे धावायचे, आणि ती दुसरीकडून पसार. संघातल्या बाकीच्याही माझ्याच माळेतल्या. अशानं कंपन्यांच्या स्पर्धेत आम्ही लागोपाठ तीन वर्षं पहिल्याच फेरीत घरी आलो. चौऱ्याहत्तर साली कामगार अधिकाऱ्यांनी बोलावून सांगितलं, की यंदाही तसंच झालं तर मुलींचा संघ बंद, आणि सरावासाठी शिफ्टमधून मिळणारा अर्धा तासही बंद. मला रडू कोसळलं. दिवसभर स्टुलावर बसणाऱ्या बाईला तो अर्धा तास काय असतो, ते फिरत्या खुर्चीतल्या माणसाला कळायचं नाही.

त्याच आठवड्यात केसरबाई मैदानाच्या कडेला येऊन बसल्या. बराच वेळ नुसत्या बघत होत्या. मग मला जवळ बोलावून म्हणाल्या, “पोरी, तू बुडबुडा बघून बाटली बाद करतीस.”

मला राग आला. खेळातलं तुम्हाला काय कळतं, असं मी तोंडावर बोलून गेले. आज आठवलं की लाज वाटते. बाई चिडल्या नाहीत.

“बुडबुडा वर जातो, कण खाली बसतो,” त्या म्हणाल्या. “ती पोरगी खांदा हलवती, हात हलवती, त्यो समदा बुडबुडा. खरं जायचं असलं की एक टाच खाली रुतती, आन् ती रुतली की पोरगी उलट अंगाला जाती. टाच बघ.”

दुसऱ्या दिवसापासून बाईंनी आमचं पळणंच बंद केलं. एकीनं हुली द्यायच्या, बाकीच्यांनी ओळीत बसून फक्त ओरडायचं, ‘बुडबुडा’ किंवा ‘कण’. पुरुषांचा संघ कुंपणाला टेकून दात काढायचा. आम्हाला मात्र चेव चढला होता. जेवणाची सुट्टी, चहाची सुट्टी, मी पोरींना सारखं बघायलाच बसवायचे. व्हायचं तेच झालं. एका सोमवारी डोळे इतके शिणले, की मी कामावर अख्खा ट्रे चांगल्या बाटल्या बाद केल्या. सुपरवायझरनं खेळावर खापर फोडलं. केसरबाईंनी शिफ्ट सुटल्यावर थांबून तो ट्रे पुन्हा एकेक बाटली करून तपासला आणि पास केला. मला एवढंच म्हणाल्या, की दमल्या नजरेला बुडबुडाच दिसतो. त्या दिवसापासून सरावात दर पाच मिनिटांनी सगळ्यांनी दूर दिघीच्या टेकडीकडे बघत बसायचं, असा नेम झाला.

पहिल्या फेरीचा सामना भोसरीच्या कंपनीशी होता. त्यांची यशोदा म्हणजे पाऱ्यासारखी, कुणाच्या हाताला लागायची नाही. शेवटचं मिनिट उरलं तेव्हा दोन्हीकडचे गुण सारखे होते आणि मैदानात ती एकटी. मला खो मिळाला. मी उठले, तिच्या तोंडाकडे बघितलंच नाही. तिचा खांदा कडेच्या पाहुण्यांच्या मंडपाकडे गेला, हात गेले, बघणारे सगळे मंडपाकडे कलले. पण मंडपाच्या बाजूचीच टाच मातीत रुतली. मी मंडपाकडे पाठ करून धावले, आणि यशोदा आपणहून माझ्या हातात आली. शिट्टी वाजली तेव्हा माझी पाचही बोटं तिच्या पाठीवर होती.

त्या वर्षी आम्ही चषकच आणला. संघ वाचला, आणि एक्याऐंशी साली बाई निवृत्त झाल्या तेव्हाही तो खेळत होता. त्या चषकाचा ऑफिसात फोटो काढताना अधिकाऱ्यांनी प्रशिक्षक कोण म्हणून विचारलं, तेव्हा आम्ही नऊजणींनी एकदम केसरबाईंकडे बोट केलं. त्या डोक्यावर खात्याची पांढरी टोपी तशीच ठेवून आल्या. चषक हातात दिला, तर त्यांनी तो ट्यूबलाइटखाली धरला, सवयीनं मनगटानं गरकन फिरवला, झटकन थांबवला आणि डोळे बारीक करून बघितला. मग माझ्याकडे वळल्या.

“पास,” त्या म्हणाल्या.