बरणीतलं समुद्री जनावर

मुलांनो, परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही विचारलंत, आजी, त्या बरणीत वाळलेलं आलं ठेवलंय का? मी नुसतीच हसले. आता हे घर आवरायला काढलं आहे. दिवसाला एकच कप्पा होतो. त्या बरणीचा कप्पा येण्याआधी लिहून ठेवते.

तो समुद्रातला स्पंज आहे. रायपूर राजधानी झालं तेव्हा नव्या कार्यालयांना जागा हवी होती. मी प्राणिशास्त्र शिकवायचे त्या कॉलेजातली प्राण्यांच्या नमुन्यांची खोली गेली आणि बरण्या फेकायच्या ठरल्या. वर्षानुवर्षं मी पोरांकडून ज्याचं चित्र काढून घेतलं, ते कचऱ्यात टाकवेना. रिक्षात मांडीवर धरून बूढ़ापाऱ्यातल्या आपल्या घरी आणलं.

दारातच तुमच्या आजोबांच्या आई उभ्या होत्या. बोटाएवढ्या जाड, फाटे फुटलेल्या त्या पिवळट फांद्या त्यांनी निरखून पाहिल्या.

"झाड हाय का जनावर?"

झाड म्हटलं असतं तर तिथंच मिटलं असतं. त्या मेलेलं जनावर उंबऱ्याच्या आत येऊ देणार नव्हत्या. पण दिवसभर खोली रिकामी करून खोटं रचायचीही ताकद उरली नव्हती. जनावर, म्हणाले.

"मग तोंड कुठं हाय त्याले?"

तोंड नाही, म्हटलं. पोट नाही, काळीज नाही. अंगभर बारीक छिद्रं. त्यांतून पाणी आत शिरतं, मोठ्या छिद्रांतून बाहेर पडतं. आतल्या पेशींना चाबकासारख्या शेपट्या असतात. त्या हलत राहतात म्हणून पाणी वाहतं, आणि पाण्याबरोबर येईल तेच खाणं. जागा सोडता येत नाही. फांदी तुटली तर तो तुकडा दुसरीकडे रुजतो. जिवंतपणी याचा रंग केशरी असतो म्हणतात. मी मात्र तो बरणीतल्या स्पिरिटमध्ये रंग उडालेलाच पाहिला.

"म्हणजे बसल्या जागी राबूनच राहिलं की बिचारं," म्हणाल्या, आणि दारातून बाजूला सरल्या. देवघराच्या भिंतीला ठेवायचं नाही, एवढीच अट घातली.

पुढे त्या गेल्या, मग तुमचे आजोबा. स्पिरिट उडून जातं. ते पुन्हा भरणं मी कधीच सोडलं. स्पंजाचा मऊ भाग सुकून गळून पडला आहे. तंतूंची जाळी आणि तिच्यातल्या काचेसारख्या बारीक सुया शिल्लक आहेत; तुम्हाला आलं वाटलं ते हेच. एक फांदी मोडली. तीन अजून उभ्या आहेत.