गोधडीची लुगडी

बोरीवलीला आमची खोली जंगलाच्या कडेला होती. भिंती पत्र्याच्या, त्यामुळे दिवाळी सरली की घरात गारठा शिरायचा. त्या वर्षी मी फटींत चिंध्या कोंबल्या, दाराला गोणपाट लावलं. धाकटी सारखी खोकायची, म्हणून तिला गोधडी शिवायला जुनी लुगडी धुऊन, गाठोडं बांधून ठेवली होती.

मी नळावर गेले तेवढ्यात सासूबाईंनी ते गाठोडं बोहारणीला देऊन स्टीलचा डबा घेतला. वर मलाच दाखवून म्हणाल्या, "बघ गं, झाकणासकट मिळाला! फाटकी लुगडीच तर होती."

मी कधी कुणाला उलट बोलले नव्हते. पण तेव्हा डोकं असं भडकलं की तोंडातून निघून गेलं, "मग थंडीत पोरीच्या अंगावर डबाच घाला. झाकणासकट!"

"तोंड फुटलं वाटतं तुला," त्या म्हणाल्या. संध्याकाळी त्यांनी पेटीतलं आपलं एक नऊवारी काढून माझ्यापुढे टाकलं. पोरीपुरती गोधडी त्यात होणार होती. मी लगेच शिवायला बसले, पण राग उतरेना. सुई सारखी बोटात घुसत होती.