फारोचं मन कुणी कठीण केलं?

एकच वाद उभा जन्म पुरवणारा माणूस अख्ख्या आंबेगाव तालुक्यात एकच, आणि तो नेमका आमचा बांधकरी, शेजारच्या शेतातले काका, निघावा हे माझं नशीब. नशीब म्हटलेलं काकांना चालत नाही ते सोडा! वस्तीवर ख्रिस्ती घर त्यांचं एकट्याचं. त्यामुळे पवित्र शास्त्रावर भांडायला जोडीदार नाही. मग कांदालागणीत, मयतीला, एस्टीच्या थांब्यावर, सापडेल तो बळी. प्रश्न ठरलेला : माणूस आपल्या मर्जीनं वागतो, की देव वागवतो? आदामापुढं झाड ठेवून खाऊ नको म्हटलं, म्हणजे मर्जी दिली. पण मिसरच्या राजाचं, त्या फारोचं, मन देवानंच कठीण केलं असंही शास्त्रातच आहे. मर्जीच्या ओळींखाली निळी पेन्सिल, देवाच्या हुकमाखाली तांबडी. सगळं पुस्तक रंगवून झालं, निकाल काही लागेना.

एकदा तर त्यांनी आमच्या सामाईक विहिरीच्या मोटरीचा ऑटोच काढून टाकला. लाइट आली की मोटर आपोआप चालू करणारी ती डबी. "आपोआप चालतं त्याला पाप न्हाई न् पुण्य न्हाई, भाऊ. देवाला ऑटोच आवडत असता, तर आदामालाच नसता का बसवला?" लाइट कधी येऊन गेली ते कुणाला कळलं नाही, आणि माझी कोथिंबीर वाळून पापड झाली. "कोथमिरीची काय मर्जी व्हती, काका?" मी ओरडलो. यावर त्यांनी आठवडाभर विचार केला.

काकू गेल्या आणि आमचं हसणं संपलं. त्यांच्या मुलानं अवसरीच्या धनगराची मुलगी पसंत केली होती. "देवाची मर्जी न्हाई," काका म्हणाले. पोरगं लग्न करून नाशिकला गेलं, ते गेलंच. काकू अंथरुणाला खिळल्या, तेव्हाही काकांनी त्याला कळवलं नाही. म्हणे, यायचं असेल तर देव आणील! मुलगा आला तो माती झाल्यावर. बापाशी न बोलता परत गेला. मला काकांचा भयंकर राग आला होता. त्यानंतर वर्षभर त्यांनी त्याच पुस्तकात पुन्हा नुसत्या तांबड्या रेघा मारल्या.

गेल्या महिन्यात ते फोन घेऊन माझ्याकडे आले. "फारोचं ऱ्हाऊ दे, भाऊ. माझं मन मीच कठीण केलं. पोराला फोन लावून दे."

मी स्पीकरवर लावला. पलीकडून 'हॅलो' आलं, आणि काका एका दमात बोलले, "तुझ्या लग्नाला देवानं न्हाई, मी न्हाई म्हणलं व्हतं. आईच्या टायमाला बी मीच कळवलं न्हाई."

मग मुलानं विचारलं, "आईनं लई हाका मारल्या का मला?"

"व्हय," काका म्हणाले.

फोन दोघांपैकी कुणीच ठेवला नाही. मी उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसलो.